गल्लीतली एकटीच

२७ ऑगस्ट २००७, सोमवार

लागले! मी नोकरीला लागले! पुन्हा लिहिते, कारण लिहायला फार छान वाटतंय: मी, प्रतिभा, मखमलाबादच्या फुलवाल्या ठमाबाईची मुलगी, वय तेहतीस, बारावी पास, नवरा वारलेली, नोकरीला लागले.

पुण्याच्या मॅडमनी आज ओळखपत्र दिलं. फोटोत मी पाकीटमारासारखी दिसते, पण खाली 'संशोधन साहाय्यक' असं छापलंय. येताना रिक्षात तीनदा पर्स उघडून वाचलं. चौथ्यांदा रिक्षावाल्यानेच विचारलं, "ताई, काही हरवलं का?"

काम असं आहे. नाशिक जिल्ह्यातल्या एचआयव्ही असलेल्या साठ बायकांना भेटायचं आणि विचारायचं, घरात, नात्यात, गल्लीत तुम्हाला किती आपलं वाटतं. अठरा वाक्यं आहेत. प्रत्येक वाक्य वाचून पाच चेहऱ्यांचा कागद पुढे धरायचा, अगदी रडका ते अगदी हसरा, आणि बाईने त्यातला एक दाखवायचा. मॅडमना ह्या कामाला मुद्दाम आमच्यातलीच बाई हवी होती. सहा वर्षांपूर्वी ज्या आजारापायी सासर सुटलं, त्याच आजाराने नोकरी लावली. हसू नको तर काय करू?

मॅडमनी निरीक्षणं लिहायला निळी वही दिलीय. ही लाल वही माझी मी आणली. निळीत निरीक्षणं, हिच्यात खरं.

आईला आणि धाकट्या भावाला, सोमनाथला, सगळं सांगितलं. सोमनाथच्या बायकोला, हर्षालीला, एवढंच सांगितलं की बायकांच्या आरोग्याचं सर्वेक्षण आहे. तिला माझ्याबद्दल काहीच माहीत नाही. कळता कामा नये, ही आईची सक्त ताकीद. "परक्याची पोर. माहेरी बोलली की फुलबाजारात पोचलं. मग आपल्या हातचे हार देवाला कोण घालील?" त्यांच्या लग्नाला चार वर्षं झाली, चार वर्षं लपवतेय. दोन वर्षांपासून गोळ्या चालू आहेत, सकाळी आठ आणि संध्याकाळी आठ, त्या पावडरच्या डब्यात ठेवते. ह्या कामात मी इतकी तरबेज झालेय की नाटकात घेतील मला.

मुलीला कडेवर घेऊनच हर्षालीने ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं. "फोटो वाईट आलाय ताई," म्हणाली. "पण काम चांगलंय." बिचारी.

३१ ऑगस्ट, शुक्रवार

पहिली मुलाखत! हरसूल. एसटीत पाच चेहऱ्यांचा कागद दहादा तपासला.

बाईंचं खरं नाव ह्या वहीतसुद्धा लिहायचं नाही, तशी शपथ घेतलीय. लताबाई म्हणू. लताबाईंनी अठरापैकी अठरा वेळा अगदी हसरा चेहरा दाखवला. 'गल्लीतले लोक माझ्याकडे पाणी पितात' : हसरा. 'मी चार दिवस दिसले नाही तर कोणीतरी चौकशी करतं' : हसरा. मी मनात म्हटलं, अरे वा, हरसूलला येऊन राहावं.

मग त्या मला स्टँडपर्यंत सोडायला आल्या. मी गाडीत चढले तेव्हा म्हणाल्या, "ताई, ते समदं खोटं हाय. पण तुम्ही पहिल्यांदाच आल्या. रडकं तोंड दाखवलं असतं तर तुमाला वाईट वाटलं असतं ना."

कंडक्टर घंटी मारत होता. मी खाली उतरले. पुढची गाडी दीड तासाने होती, स्टँडवरच्या बाकावर बसून अठराही वाक्यं पुन्हा केली. ह्या वेळी हसरा एकच आला, तोही शेळीबद्दल.

६ सप्टेंबर, गुरुवार

आज थोडक्यात वाचले!

शेजारच्या भागीबाई सकाळी झेंडूची रोपं मागायला आल्या आणि नेमक्या मी गोळी तोंडात टाकताना आत घुसल्या. "कसल्या गं गोळ्या रोज रोज?" मी डबा पदराखाली लपवला. तेवढ्यात चुलीशी बसलेली हर्षाली मान वर न करता म्हणाली, "थायरॉईडच्या आहेत मावशी. आयुष्यभर घ्याव्या लागतात." आणि त्यांना रोपं काढून द्यायला परसात घेऊनसुद्धा गेली.

थायरॉईड! कधी पकडले गेले तर हेच सांगायचं मी ठरवून ठेवलं होतं, आणि हिच्या डोक्यात आपोआप तेच आलं! काय योगायोग! माझा थकवा बघून तिने स्वतःच काहीतरी अंदाज बांधला असणार. आईला सांगितलं तर आई म्हणाली, देव आहे.

बाकी हर्षालीची शिस्त मात्र जाच आहे. संध्याकाळी साडेसातला ताटं म्हणजे साडेसातलाच. सोमनाथ शेतावरून उशिरा आला तर तिच्या शिव्या खातो. मला तर हाताला धरून बसवते. माझं वय काय, हिचं काय! पण पोटात अन्न असलं की आठची गोळी बाधत नाही, म्हणून मी आपली गप्प जेवते.

१२ सप्टेंबर, बुधवार

घोटी. भाताच्या गिरणीच्या मागची गल्ली. ह्या बाईंना लंकाबाई म्हणू. माझी एक लंका नावाची आत्या होती, ती अशीच अंगावर यायची.

पहिल्यांदा गेले तेव्हा दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा गेले तेव्हा "आमी काय घ्यायचं नाय" म्हणाल्या. आज तिसऱ्यांदा आत घेतलं. पाच चेहरे बराच वेळ न्याहाळले आणि कागद परत दिला. "ह्यातलं एक बी तोंड माझं नाय. माझं तोंड ना हसरं ना रडकं, माझं तोंड बंद."

मी विचारलं, गल्लीत कोणाला माहीत आहे?

"येडी झाली का? अख्ख्या गल्लीत मी एकटीच. बाकी समद्या चांगल्या घरच्या. आणि ही शेजारची, कुसाबाई!" त्यांनी मधल्या भिंतीकडे बोट दाखवलं आणि आवाज खाली आणला. "तिला कळलं तर गिरणीत भोंगा करंल. सांडपाण्यावरून तिचं माझं पाच वर्सं वाजतंय. गोळीचा गजर झाला की मी घड्याळ उशीखाली दाबते, ह्या भिंतीतून समदं ऐकू जातं."

चहा मात्र चांगला होता.

१४ सप्टेंबर, शुक्रवार

देवा! देवा रे देवा! कुणाला सांगू?

मॅडमनी दिलेल्या यादीत घोटीचा पुढचा पत्ता होता. शोधत शोधत गेले तर तीच गल्ली. पुढे गेले तर तेच सांडपाणी. लंकाबाईंचं दार, आणि मला हवं होतं त्याच्या शेजारचं!

कुसाबाई!

म्हणजे त्यांचंही खरं नाव हे नाही, पण लंकाबाईंना दिलं तसं ह्यांनाही मीच दिलंय. मी पदर डोक्यावरून ओढून चोरासारखी आत शिरले. कुसाबाई गोल चेहऱ्याच्या, मऊ बोलणाऱ्या, भरभर उत्तरं देणाऱ्या. नवव्या वाक्याला थांबल्या आणि म्हणाल्या, "बाई, अख्ख्या गल्लीत मी एकटीच हाय हो अशी. आणि शेजारीण कशी मिळाली, तर लंकाबाई! तिला कळलं ना, तर सांडपाण्यासंगं मला बी गल्लीबाहेर काढंल. आठचा गजर झाला की मी घड्याळावर पातेलं पालथं घालते."

मला हसू आलं. म्हणजे बाई रडत होत्या आणि मला हसू आलं! मी खोकल्याचं सोंग केलं. इतकं खोकले की त्यांनी पाणी दिलं आणि पाठीवरून हात फिरवला. आता लाज वाटतेय, आणि लिहिताना परत हसू येतंय.

एक वीत जाडीची भिंत. इकडे उशी, तिकडे पातेलं.

१६ सप्टेंबर, रविवार

पोटात मावत नाही. काल गणपती बसले, आरतीच्या मध्येच मला उशी आणि पातेलं आठवलं. आईने डोळे वटारले.

दोघी एकाच दिवशी गोळ्या आणायला नाशिकला येत असतील तर? एकाच गाडीत?

२० सप्टेंबर, गुरुवार

मॅडमना सांगितलं. म्हटलं, मॅडम, एक शब्द बोलले तर दोघींचा जीव मोकळा होईल.

मॅडम हसल्या नाहीत. "आणि एखादीने दुसरीचं नाव गावभर केलं तर? शब्द दिलायस तू, प्रतिभा. तो तुझा नाही, त्यांचा आहे. त्या काय करतील हे तू ठरवायचं नाही."

मला रडूच आलं. मग त्याच म्हणाल्या, सगळ्या साठजणींना एकत्र बोलवावं असं त्यांच्याही मनात होतं. बोलवू. पण प्रत्येकीला आधी स्पष्ट सांगायचं की तिथे ओळखीचं कोणी भेटू शकतं. चालत असेल तरच या. ह्याउपर एक अक्षर नाही.

मी एवढ्या जोरात मान हलवली की कानातलं पडलं.

२८ सप्टेंबर, शुक्रवार

घोटीला निमंत्रण देऊन आले. आधी लंकाबाई.

"सात तारखेला, रविवारी. पण बाई, तिथे ओळखीचं माणूस भेटू शकतं बरं का."

"माझ्या ओळखीचं कोण येतंय? आमच्या गल्लीत समद्या सतीसावित्री."

मग गावाला वळसा घालून दुसऱ्या टोकाने कुसाबाई.

"ओळखीचं भेटू शकतं, बाई. नीट विचार करा."

"भेटलं तर भेटलं. लंकाबाई नाय भेटली म्हंजे मिळवली."

मी मान खाली घालून पुन्हा म्हटलं, "कोणीही भेटू शकतं." तिसऱ्यांदाही म्हटलं. कुसाबाई म्हणाल्या, "अहो, येते म्हटलं ना. सहा वर्सं मनात कोंडून झालंय, आता घोटीचा अख्खा बाजार भेटला तरी येते."

मी शब्द पाळला. पाळला ना?

६ ऑक्टोबर, शनिवार

भीती वाटते. लंकाबाई शिव्या देत परत गेल्या तर? उद्या गिरणीत दोघींची नावं झाली तर तिथलं त्यांचं काम जाईल. हे सगळं करताना मला मजा वाटत होती, तेच आता टोचतंय.

हर्षालीने दुपारभर बसून गजरे केले. म्हणाली, मेळाव्याला बायका येणार, रिकाम्या हाताने काय जाता? मी म्हटलं, अगं, त्यात काहीजणी विधवा असतील. "मग त्यांना वास येत नाही का फुलांचा?" म्हणाली. मोजले तर बरोबर साठ. मी तिला आकडा कधी सांगितला आठवत नाही. बोलण्यात येऊन गेला असेल.

७ ऑक्टोबर, रविवार

घाईत लिहितेय, अक्षर वाईट येईल, येऊ दे.

शाळेचा हॉल घेतला होता. मी फाटकाशी टोपली घेऊन उभी. दहा वाजता एक रिक्षा आली, तिच्यामागे लगेच दुसरी. पहिलीतून लंकाबाई उतरल्या. दुसरीतून कुसाबाई.

नंतर कळलं ते असं. दोघी घोटीहून एकाच एसटीत चढल्या. लंकाबाईंनी सांगितलं, त्र्यंबकला नवस फेडायला चालले. कुसाबाईंनी सांगितलं, भाचीचं बाळ बघायला चालले. स्टँडवर उतरल्यावर लंकाबाई त्र्यंबकच्या गाडीकडे जायचं सोडून मुतारीमागे लपल्या, कुसाबाई उसाच्या रसाच्या गाड्यामागे. मग दोघींनी आपापली रिक्षा केली, दुसरीला चुकवायला!

फाटकाशी दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. माझ्या हातातली टोपली कलली.

"तू इथं कशाला?" लंकाबाई.

"तू सांग आधी. त्र्यंबक इथं आलं का?"

"आणि तुझी भाची शाळेत बाळंत झाली का?"

लंकाबाई आत बघायला लागल्या. अंगणात वीस-पंचवीस बायका बसलेल्या, भिंतीवर गोळ्या वेळेवर घेण्याचा तक्ता. त्यांनी तक्ता वाचला, मग कुसाबाईंकडे पाहिलं, मग परत तक्त्याकडे. मला वाटलं, आता वळतील आणि निघून जातील.

"कवापासून?" लंकाबाईंनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"सहा वर्सं. तू?"

"सात."

रिक्षावाले ताटकळत उभे. आणि कुसाबाई एकदम म्हणाल्या, "म्हंजे ते आठ वाजता तुझ्याकडं किरकिरतं ते..."

"घड्याळ! उशीखाली दाबते मी! मला वाटायचं, माझ्यावरच्या रागानं तू रोज आठला भांडी आपटती..."

"पातेलं! पातेलं टाकते मी घड्याळावर!"

कुसाबाई फाटकातच खाली बसल्या. पोट धरून हसल्या, हसता हसता रडल्या, आणि लंकाबाई त्यांना उठवायला वाकल्या त्या त्यांच्याच अंगावर बसल्या. एक रिक्षावाला मला म्हणाला, "ताई, ह्यांना बरं नाही का?" मी म्हटलं, "आता वाटतंय."

अडतीस बायका आल्या. सगळ्यांनी गजरे माळले. लंकाबाईंनी दोन मागून घेतले, सात वर्षांचे राहिलेत म्हणाल्या. मॅडम बोलायला उभ्या राहिल्या तर हरसूलच्या लताबाईंनी हात वर केला. "बाई, तुमच्या कागदावर 'तुमची वस्ती' असं लिवलंय. वस्ती म्हंजी कोंची? राहतो ती, का आज बसलोय ती?"

मॅडमनी पेन काढून ते वाक्य लिहून घेतलं. पुण्याच्या मॅडमनी!

१० ऑक्टोबर, बुधवार

घोटीला लंकाबाईंकडे जाऊन आले. गिरणीत अजून काहीही बाहेर गेलेलं नाही. हुश्श!

मीही त्यांच्यातलीच हे ठाऊक असलेल्या लंकाबाईंनी निघताना विचारलं, "तुमच्या घरी कोणाला म्हाईत हाय?" मी सांगितलं, आई आणि भाऊ. भावजयीला नाही.

"एका घरात राहता?"

"हो. चार वर्षं."

"भावजय आंधळी हाय का?"

मला राग आला. हर्षाली भोळी आहे, एवढंच. सगळ्यांना आपल्यासारखं समजू नये माणसाने.

पण एसटीत बसल्यावर तो थायरॉईड आठवला. आणि ते साडेसात.

छे.

२० ऑक्टोबर, शनिवार

उद्या दसरा. घरभर झेंडू, पाय ठेवायला जागा नाही. आई बाजारात, सोमनाथ टेम्पो भरायला. दुपारी हर्षाली आणि मी समोरासमोर बसून हार ओवत होतो, तिची मुलगी फुलांच्या ढिगात झोपलेली. दहा दिवस मी वाक्यं पाठ करत होते. सगळी विसरले.

"हर्षाली, मला तुला एक सांगायचंय. मला एचआयव्ही आहे."

तिने सुईत पुढचं फूल घातलं. "हं. आणि?"

"आणि काय? हेच!"

"असं होय. मला वाटलं, पुण्याला बदली झाली."

मग तिने सांगितलं. लग्नानंतर आठ महिन्यांनी इस्त्रीला माझी साडी काढली, घडीत दवाखान्याचा कागद होता. ती एकटी रिक्षा करून दवाखान्यात गेली आणि तिथल्या बाईंना विचारलं, घरात काय वेगळं करायचं? काही नाही, म्हणाल्या. गोळ्या सुरू झाल्यावर पुन्हा जाऊन विचारून आली. तेव्हापासून साडेसात.

मी हसायला लागले. चार वर्षं लपवाछपवी, तो पावडरचा डबा! नाटकात काम! हसता हसता माझ्या मांडीवरचा हार सुटला.

हर्षाली हसत नव्हती.

"मी थांबले होते ताई," ती म्हणाली. "वाटायचं, आज सांगतील, उद्या सांगतील. पोर झाली, पहिल्यांदा तुमच्या हातात दिली, तेव्हा वाटलं, आता नक्की. ती तुमच्या अंगाखांद्यावर वाढली. आणि मी स्वयंपाकघरात आले की तुम्ही तिघं गप्प. आपण चौघं राहतो ह्या घरात आणि बोलणारी तिघंच. मी काय केलं होतं हो?"

दोन महिने मी जिल्हाभर विचारत फिरतेय, तुम्हाला कोणी बाहेर ठेवलंय का. तुम्ही कोणाला ठेवलंय का, असं वाक्य त्या अठरात नाही. असतं तर मी कुठल्या चेहऱ्यावर बोट ठेवलं असतं?

"चुकलं," एवढंच म्हटलं. "माझं फार चुकलं."

"हो, चुकलंच," म्हणाली, आणि सुटलेला हार माझ्या मांडीवरून उचलून स्वतः ओवायला घेतला.

आई आली तेव्हा आमचे दोघींचे डोळे लाल. "काय झालं गं?" मी म्हटलं, आई, हर्षालीला माहीत आहे. पहिल्यापासून. आई टोपली घेऊन तशीच उभी राहिली. मग मटकन झेंडूवर बसली. "आणि मी मेली हिच्या बापासमोर तोंड उघडायला घाबरत होते! चार वर्षं व्याह्यांशी धड बोलले नाही!"

"त्यांना वाटतं तुम्ही गर्विष्ठ आहात," हर्षाली म्हणाली.

आईने कपाळावर हात मारून घेतला. मग हर्षालीला जवळ ओढलं आणि तिच्या केसांतल्या पाकळ्या वेचत बसली. सोमनाथ आला आणि तिघींना तसं बघून दारातूनच टेम्पोकडे परत गेला.

२८ ऑक्टोबर, रविवार

घोटी! जेवायला! दोन्ही घरी! हर्षालीला घेऊन गेले, तिच्या मुलीलाही.

लंकाबाईंनी आमटी-भात केला होता, कुसाबाईंनी कोंबडी. आधी कोणाकडे बसायचं यावरून भांडण, शेवटी मधल्या ओट्यावर चटई टाकली. सांडपाण्याचं भांडण मात्र मिटलेलं नाही. पाणी अजून तिथूनच जातं. फक्त आता आठ वाजले की भांडण थांबतं, दोघी एकाच तांब्यातल्या पाण्याने गोळी घेतात आणि पुढे चालू.

लंकाबाईंनी हर्षालीकडे पाहिलं. "ही कोण?"

मी भावजय म्हणणार, तेवढ्यात हर्षालीच म्हणाली, "मी ह्यांच्या घरची."

"मग बस की मांडी घालून. पाव्हणीसारखी काय बसलीस?"

हर्षाली ऐसपैस बसली. आणि बसल्या बसल्या तिने दोघींना समजावून सांगायला सुरुवात केली की नाली मागच्या बाजूने काढली तर दोघींचाही प्रश्न सुटेल, आमच्या मळ्यात असंच केलंय. दोघी एकदम तिच्यावर तुटून पडल्या: पाच वर्षांचं भांडण, ही कालची पोर आम्हाला शिकवते! हर्षालीनेही आवाज चढवला. मुलगी टाळ्या वाजवायला लागली.

मी अजून थोडा भात वाढून घेतला.